खोली द्या, पण कागद करून!

तळेगावात टू-बीएचके घेतलाय, हप्ता दणकून जातोय आणि दुसरी बेडरूम न वाळलेल्या कपड्यांनी अडवलीय? मग पेइंग गेस्ट ठेवायचा विचार येणारच. लोकल आहे, एमआयडीसी जवळ, माणूस मिळतो. लोणावळेकरांना वीकेंडच्या पाहुण्यांचा मोह होईल. पण आठवडाभर ऑफिस करून शनिवारी परक्यांच्या चादरी बदलायच्या? त्यापेक्षा वर्षभराचा एकच माणूस परवडला.

आता खरी गोम. ‘११ महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला हवाच, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे बॉस, तुमची. टाळलीत तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर राहणारा सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात; त्या खोट्या ठरवायचं काम तुमचं. उलट नोंदवलेला करार हातात असेल आणि मुदत संपूनही पाहुणा हलत नसेल, तर कलम २४ खाली खोली परत मागता येते, वर दुप्पट दराने भरपाई. नोंदणी आता ऑनलाइन, घरबसल्याही होते. पोलिसांकडे माहिती द्यायलाही विसरू नका.

बाकी गिझर, फ्रिजमधला कप्पा, रात्रीची किल्ली हे तोंडी ठरवलं तरी चालतं. आणि हो, मावळातला पाऊस बघता बाल्कनीतली दोरी कुणाची, तेही जूनच्या आत बोलून घ्या.