फुकट आणि मुक्त यांत फरक आहे




‘विनरार फुकटच चालते, मग सेव्हन-झिप कशाला?’ हा फायली दाबून बांधणाऱ्या सॉफ्टवेअरबाबतचा, गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल पटला नाही. विनरारची चाचणी-मुदत ४० दिवसांची आहे. पुढेही ते चालू राहते, म्हणून ते मोफत ठरत नाही. पण पैशांपेक्षा मोठा प्रश्न सोर्स कोडचा आहे. सुमारे १९ वर्षे दडून राहिलेली एक गंभीर त्रुटी २०१९ मध्ये विनरारमध्ये उघड झाली. ती ‘एस’ (ACE) प्रकारच्या फायली उघडणाऱ्या, बाहेरून घेतलेल्या घटकात होती. त्याचा सोर्स कोड विनरारच्या निर्मात्यांकडेही नव्हता. दुरुस्ती अशक्य, म्हणून तो घटकच काढून टाकावा लागला आणि जुन्या एस फायलीवाल्यांची सोय गेली.

त्रुटी सेव्हन-झिपमध्येही सापडल्या आहेत, हे खरेच. मात्र इगोर पावलोव यांनी १९९९ पासून चालवलेल्या या प्रकल्पाचा कोड कोणालाही तपासता येतो, दुरुस्तही करता येतो. खराब झालेली फाइल सावरण्याची विनरारच्या रार स्वरूपातील सोय सेव्हन-झिपच्या सेव्हन-झेड स्वरूपात नाही, हा आक्षेप वजनदार आहे. त्यासाठी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. इतरांकडून आलेल्या रार फायलीही सेव्हन-झिप उघडते. तेव्हा कार्यालयांनी निदान नवे दप्तर तरी झिप किंवा सेव्हन-झेडमध्ये बांधावे.

आपला,
एक वाचक