साक्षांकन नमुना भरताना



पोलीस, निमलष्करी दल, टपाल किंवा रेल्वेच्या निवड यादीत मुला-मुलीचं नाव आलं की घरात पेढे वाटले जातात. मग साक्षांकन नमुना हातात येतो आणि काळजी सुरू होते. नंदुरबार-शहाद्याकडचे पालक विचारतात, "सर, मोठा मुलगा सौदीला आहे, लिहायचं का? तिची खाला कराचीत आहे, कळलं तर?"

केंद्र सरकारच्या नमुन्यात आई-वडील, पती-पत्नी आणि भावा-बहिणींचं राष्ट्रीयत्व, जन्मस्थान, व्यवसाय व पत्ता विचारतात. म्हणून सौदीतला भाऊ लिहायचाच. परदेशात नातेवाईक असणं हा गुन्हा नाही. खालासाठी रकाना नसेल तर तिचं नाव लिहिण्याची गरज नाही. पण चौकशीला आलेल्या पोलिसांनी विचारलं, तर खरं तेच सांगा. संवेदनशील पदांसाठी ही चौकशी अधिक बारकाईने होते.

दुसरा अवघड प्रश्न अटक, खटला आणि दंडाचा. "भांडण आपसात मिटलं, पोरगा निर्दोष सुटला, मग कशाला लिहायचं?" असं घरचेच सांगतात. पण कधी अटक झाली होती का, असा प्रश्न असेल, तर सुटल्यावरही उत्तर 'होय' असंच राहतं.

अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी हे स्पष्ट केलं. माहिती खरी हवी, लपवाछपवी नको. तरुण वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली, तर नियुक्ती करणारं खातं ती माफ करू शकतं. जे स्पष्टपणे विचारलेलं नाही, ते लिहिलं नाही म्हणून लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. मात्र खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळेलच असंही नाही. पूर्वचारित्र्य पाहण्याचा हक्क खात्याला राहतो.

पश्चिम बंगालचे बासुदेव दत्त १९८५ साली सरकारी आरोग्य सेवेत लागले. त्यांचे वडील पूर्व पाकिस्तानातून आलेले. पोलिसांचा प्रतिकूल अहवाल आला २०१० मध्ये, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, आणि नोकरी गेली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि अशी पडताळणी सहा महिन्यांत पूर्ण करण्याचे निर्देश दिले.

तेव्हा नमुना घाईत भरू नका. जुन्या गुन्ह्याचा क्रमांक आणि निकालाची प्रत आधी मिळवा. भरलेल्या नमुन्याची झेरॉक्स घरी ठेवा. शेजाऱ्याच्या सल्ल्याने काही लपवू नका. सिद्क आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. सही करतानाही तोच लागतो.