कौल कोणी कुणाला द्यायचा?

निवडणुकीचा निकाल लागला की 'जनतेचा कौल' हे शब्द ठरलेलेच. आपल्या सीमाभागात त्यापुढं आणखी एक वाक्य येतं : 'सीमाप्रश्न संपला, लोकांनीच कौल दिलाय.' वर्गात सार्वमत शिकताना माझ्या डोक्यात हाच शब्द घोळत होता.

कौल मूळचा अरबी. अर्थ बोल, दिलेला शब्द. मराठी कारभारात कौल द्यायचं ते सरकार. लढाईनं, दुष्काळानं गाव ओस पडलं की 'परत या, जमीन कसा, सारा बेतानं घेऊ' असा कौल रयतेला लिहून मिळायचा. देवळात कौल देतो तो देव. माझ्या आजोळी, सावंतवाडीकडं, गुरव मूर्तीला फुलं-पानं लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि विचारतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. (घरावरचं कौल वेगळं हं!) लोकशाहीत दिशा उलटली, देणारे आपण झालो.

पण देवळात प्रश्न एकच असतो आणि तो सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात. पावसाचं विचारून लग्नाचं उत्तर कुणी काढत नाही. विधानसभेला आपण रस्ता, पाणी, उमेदवार, जात सगळं बघून मत देतो. त्यातून सीमाप्रश्नाचं उत्तर कसं काय निघतं? आणि खरं सांगायचं तर समितीचे आमदार निवडून यायचे तेव्हा आपणही हेच गणित मांडायचो.

गोव्याला मात्र नेमकं विचारलं गेलं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. चिन्हंसुद्धा देवळातली वाटावीत अशी : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण हरलं. आणि मार्चमधल्या निवडणुकीत त्याच गोव्यानं विलीनीकरण मागणाऱ्या मगो पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवलं! निवडणुकीतलं मत वेगळं आणि कौल वेगळा, याला अजून काय पुरावा हवा?

बेळगावच्या वाट्याला त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, महाजन आयोग आला. एका माजी सरन्यायाधीशांनी ठरवलं, बेळगाव म्हैसूर राज्यातच राहील. आपली मागणी चार सूत्रांवर उभी आहे : खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन नकाशातून आणि जनगणनेतून निघतात. चौथं विचारावंच लागतं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, पण विचारलेलं अजून कुणीच नाही.

हे सगळं मी माझ्या कन्नड मैत्रिणीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "विचारलं आणि डावं पडलं तर?" मी म्हटलं, तर ते मान्य. त्यावर ती म्हणाली, "हे तू सांगतोयस, की तुझ्या घरचे?"

घरी अजून विचारलेलं नाही.