कृतज्ञतेच्या भिंतीवर 1942 लावा

तुर्की आणि ज्यू समाजाच्या समाईक वारशाचे प्रदर्शन भरले की पहिला फलक बहुधा 1492 चा असतो. त्या वर्षी स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले आणि ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायझिदने त्यांना आपल्या राज्यात घेतले. इस्तंबूल, सलोनिका, इझमीर, एदिर्ने या शहरांत ती कुटुंबे स्थिरावली. 1992 मध्ये त्या आगमनाची पाचशे वर्षे साजरी झाली आणि त्याच सोहळ्यासाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने 2001 मध्ये इस्तंबूलला तुर्की ज्यूंचे संग्रहालय उघडले. आज ते गलाता मनोऱ्याजवळ नेवे शालोम सिनेगॉगच्या आवारात आहे. हे सगळे खरे आहे आणि सांगण्याजोगे आहे. माझी तक्रार आहे ती या कथेची सुरुवात आणि शेवट दोन्ही उपकारातच होतो, याबद्दल. एकाने आसरा दिला, दुसऱ्याने आभार मानले, एवढ्यावर प्रदर्शन थांबले तर वारसा समाईक होता हे सिद्धच होत नाही.

समाईकपणाचा खरा पुरावा सुलतानाच्या फर्मानात नाही, गाण्यात आहे. एदिर्नेच्या ज्यूंनी ‘मफ्तिरिम’ नावाची गायनपरंपरा घडवली. हिब्रू स्तोत्रे तुर्की मकामांत, म्हणजे तिकडच्या रागांत, बांधायची आणि शनिवारी पहाटे सिनेगॉगमध्ये गायची. मेवलेवी पंथाच्या सूफी दर्वेशांशी या गायकांची ऊठबस होती, चाली इकडून तिकडे जात होत्या. तंबुरी इसाक हा ज्यू वादक तर सुलतान तिसऱ्या सेलिमचा तंबूरगुरू. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडच्या बेने इस्रायलींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तने सुरू केली, ती हरिकीर्तनाच्याच घाटावर. दुसऱ्याच्या सुरात आपला देव आळवणे हे पाहुण्याचे लक्षण नव्हे, ते घरच्या माणसाचे लक्षण आहे. हीच गोष्ट छपाईची. इस्तंबूलमध्ये पहिले पुस्तक 1493 मध्ये छापले गेले ते स्पेनहून आलेल्या ज्यू बंधूंनी, हिब्रूत. अरबी लिपीतले तुर्की पुस्तक छापायला अठरावे शतक उजाडावे लागले. इझमीरकर न्याहारीला बोयोझ नावाची जी खारी आपली म्हणून खातात, तीही या सेफार्दी, म्हणजे स्पेनहून आलेल्या ज्यूंच्या, स्वयंपाकघरातून आलेली.

पण माणसे घरचीच होती हे एकदा मान्य केले, की घरच्या माणसांशी पुढे कसे वागले गेले हा प्रश्न टाळता येत नाही. 11 नोव्हेंबर 1942 रोजी तुर्कस्तानने ‘वार्लिक वेर्गिसी’ हा संपत्तीकर लावला. कायद्याच्या मजकुरात धर्माचा उल्लेख नव्हता; आकारणीच्या याद्या मात्र धर्मानुसार झाल्या. मुस्लिमांची यादी निराळी, बिगरमुस्लिमांची निराळी आणि दोन्हींचे दर निराळे. ज्यू, ग्रीक, आर्मेनियन व्यापाऱ्यांना मुस्लिमांच्या कित्येक पट कर लागला. भरायला मुदत पंधरा दिवसांची, अपिलाची सोय नाही. दुकाने, घरे, घरातले सामान लिलावात गेले. ज्यांना भरता आला नाही अशा सुमारे 1400 जणांना पूर्वेकडच्या अश्काले येथे थंडीत श्रमछावणीवर धाडले. ते सगळे बिगरमुस्लिम होते आणि त्यातले 21 जण तिथेच मेले. मार्च 1944 मध्ये कर रद्द झाला. तोवर जे तुटायचे ते तुटले होते. इस्रायलची स्थापना झाल्यावर पहिल्या दोन वर्षांतच सुमारे 30,000 तुर्की ज्यू तिकडे निघून गेले. त्यामागे धर्मओढ आणि गरिबीही होती, पण त्या कराने गेलेला विश्वासही होता.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रदर्शन म्हणजे कोर्ट नव्हे. लोक आनंदाने येतात, त्यांच्यापुढे जुनी दुखणी कशाला? तुर्की प्रेक्षकाला हे सोसणार नाही असे समजणे हा त्या प्रेक्षकाचाच अपमान आहे. त्या कराची इस्तंबूलमधली वसुली ज्यांच्या हाताखाली झाली त्या फाइक ओक्ते यांनीच 1951 मध्ये पुस्तक लिहून सारा प्रकार उघडा केला. 1999 मध्ये त्या विषयावर तुर्की चित्रपट आला. 2021 ची ‘कुल्युप’ (म्हणजे ‘क्लब’) ही मालिका त्याच करात उद्ध्वस्त झालेल्या ज्यू घरातल्या बाईची कथा सांगते, सेफार्दींच्या लादिनो भाषेतल्या संवादांसकट, आणि ती तुर्कस्तानात आवडीने पाहिली गेली. दुसरा आक्षेप तुलनेचा. युरोपात त्याच वर्षांत जे चालले होते त्यापुढे हा कर काय? तुलना खरी आहे. ऱ्होड्स बेटावरचे तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी 1944 मध्ये कित्येक ज्यूंना नाझींच्या हातून सोडवले, तो फलकही हवाच. पण शेजारचा खुनी आहे म्हणून आपल्या घरातली लूट माफ होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तुर्कस्तानात आज पंधरा हजारांच्या आसपास ज्यू उरले आहेत. नेवे शालोमवर 1986 मध्ये हल्ला होऊन प्रार्थनेला आलेले 22 जण मारले गेले, 2003 मध्ये पुन्हा बॉम्ब फुटला. एवढ्याशा समाजाने बहुसंख्यांपुढे कडू बोलावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? करूच नये. म्हणूनच हे काम त्या समाजाचे नाही, यजमानाचे आहे. मंत्रालय, महापालिका, वकिलात, जो कोणी प्रदर्शनाला जागा आणि पैसा देतो, त्याने 1942 चा फलक स्वतःच्या नावाने लावावा. एदिर्नेचे 1909 चे भव्य सिनेगॉग सरकारने खर्च करून 2015 मध्ये पुन्हा उभे केले, हे मोठेच काम झाले. पण 1934 मध्ये एदिर्ने ज्यात येते त्या थ्रेस भागातल्या ज्यूंवर हल्ले झाले, हजारो लोक गाव सोडून गेले, आणि आज एदिर्नेत ज्यू वस्ती जवळजवळ उरलेली नाही. नव्या रंगाच्या भिंतीशेजारी एवढे लिहायला त्याच सरकारला किती खर्च येईल?

पुण्या-मुंबईहून दरवर्षी कितीतरी मंडळी इस्तंबूलला जातात आणि गलाता मनोऱ्यावर चढून परततात. खाली उतरल्यावर तासभर काढून ते संग्रहालय जरूर पाहा. आणि समाईक वारशाचे प्रदर्शन कुठेही पाहिलेत व त्यात 1942 दिसले नाही, तर अभिप्रायवहीत ते वर्ष लिहून या.