आदामाचें ऋण

बापानें काढलेलें कर्ज मुलानें फेडावें, हा न्याय आपल्याकडे जुना आहे. परंतु बापानें केलेल्या चोरीबद्दल मुलास तुरुंगांत टाकावें, असें कोणताही सुधारलेला कायदा म्हणत नाहीं. जो न्याय मनुष्याच्या न्यायासनासही शोभत नाहीं, तो परमेश्वराच्या न्यायासनास चिकटविण्याचें काम ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या एका मोठ्या परंपरेनें केलें. आदामानें ईश्वराची आज्ञा मोडली, म्हणून त्याच्या वंशांत जन्मणारें प्रत्येक मूल जन्मतःच अपराधी, ही ती कल्पना होय. तिला मूळ ग्रंथाचा आधार समजतात तितका भक्कम नाहीं, आणि तिनें निष्पापांवर घोर अन्याय केला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम मूळ कथाच पाहावी. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत आज्ञाभंगाचे परिणाम सांगितले आहेत: स्त्रीस प्रसूतीच्या वेदना, पुरुषास घाम गाळून मिळणारी भाकरी, भूमींत कांटे, शेवटीं मातींत मिळणें आणि एदेन बागेंतून हकालपट्टी. हें सर्व कठोर आहे खरें. पण आदामाचा दोष पुढील पिढ्यांच्या माथीं मारल्याचें त्यांत एक अक्षर नाहीं. किंबहुना ‘पाप’ हा शब्दच त्या अध्यायांत नाहीं. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायांत, काइनाच्या कथेंत. आणि तेथें काइनास पापावर सत्ता चालविण्यास सांगितलें आहे. ज्याचे हातपाय जन्मतःच बांधलेले, त्यास असा उपदेश कोण करील? यहेज्केल संदेष्ट्यानें तर अठराव्या अध्यायांत बापाच्या अन्यायाचा भार मुलानें वाहावयाचा नाहीं, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला आहे.

मग ही कल्पना रुजली कशी? पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतील एका ग्रीक वाक्याचा अर्थ, सर्वांनीं पाप केल्यामुळें सर्वांवर मृत्यु आला, असा आजचे बहुतेक भाषांतरकार करितात. लॅटिन भाषांतरावरून मात्र त्या एकाच्या ठायींच सर्वांनीं पाप केलें, असा अर्थ निघूं शकला. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (354–430) यानें त्यावर मोठी इमारत उभारली, आणि बाप्तिस्म्यावांचून मेलेलीं अर्भकेंही, सौम्य कां होईना, पण शिक्षेसच पात्र ठरविलीं. 418 सालीं कार्थेजच्या धर्मसभेनें त्याच्या प्रतिपक्षाचा, पेलागियसच्या मताचा, निषेध केला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चनें मात्र आदामापासून आपणांस मर्त्यता मिळाली, अपराध नव्हे, असेंच मानिलें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या बालकांस पवित्र भूमींत पुरूं देत नसत. आयर्लंडांत त्यांच्या निराळ्या दफनभूमी आजही दाखवितात. मूल गेल्याचें दुःख कमी म्हणूनच कीं काय, तें देवासही नकोसें झालें, हें दुसरें दुःख आईच्या पदरीं बांधलें गेलें! अखेर 2007 सालीं रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय मंडळानें अशा बालकांच्या तारणाविषयीं आशा बाळगण्यास जागा आहे, असें प्रसिद्ध केलें. या आशेस इतकीं शतकें लागावीं काय?

प्रतिपक्ष म्हणेल, ‘वंशागत अपराध नाकारला, तर सर्वांस तारणाऱ्याची गरज काय?’ आमचें उत्तर असें कीं, परिणाम आणि अपराध या दोन गोष्टी भिन्न आहेत. दारुड्याच्या मुलाची उपासमार होते. म्हणून त्यास कोणी दारुडा म्हणत नाहीं. मनुष्य दुबळा जन्मतो, एवढें मान्य केलें तरी त्यास साहाय्याची गरज उरतेच. त्यासाठीं पाळण्यांतील पोरास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें लागत नाहीं.

परंतु हें वाचून आमच्या हिंदु वाचकांनीं समाधानानें मान डोलवूं नये. जन्मांध मुलास पूर्वजन्मींचा पापी आणि बालविधवेस पांढऱ्या पायाची कोणीं ठरविलें? त्यांनीं आदामास दोष दिला, आम्हीं अदृश्य पूर्वजन्मास. शिक्षा दोन्हीकडे असहायासच झाली. येशूनें जन्मांधाविषयीं विचारलेल्या प्रश्नास उत्तर देतांना त्याचें पाप व आईबापांचें पाप हीं दोन्ही कारणें नाकारलीं. दुःखिताचा गुन्हा शोधीत बसण्यापेक्षां त्याचें दुःख दूर करावें, हाच त्या प्रसंगाचा बोध आहे. आणि तो घेण्यास बाप्तिस्म्याची अट नाहीं.