ग्रंथालयाचा दरवाजा कोणत्या बाजूला?

जुन्या शहराच्या ऐन गाभ्यात विद्यापीठाने नवे ग्रंथालय बांधावयाचे काढले म्हणजे विद्वानांत लागलीच दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकांस जागा उरली नाही, इमारत उठलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, शेजारच्या पुराण्या कळसांची शोभा जाईल, एक वीटही हलवू नका. वर्षानुवर्षे हा वाद चालतो, पण त्या इमारतीत शिरणार कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमचे शेतकरी व कारागीर वाचक म्हणतील, "मास्तर, आम्हांस त्याचे काय?" त्यांनी पुढील हकीकत ध्यान देऊन वाचावी.

विलायतेत ऑक्सफर्ड येथे बोडलियन नावाचे ग्रंथालय इ. स. १६०२ मध्ये उघडले. १६१० साली लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या व छापणारांच्या संघाशी करार होऊन नव्या पुस्तकांची प्रत तेथे फुकट येऊ लागली. शिस्त अशी कडक की, १६४५ साली खुद्द चार्लस राजाने पुस्तक मागितले, तरी ते बाहेर नेऊ दिले नाही. शाळेची पुस्तके पुढाऱ्याच्या माडीवर धूळ खात पडलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शिस्तीचा हेवाच वाटेल.

पुस्तके येत राहिली आणि जागा संपली. तेव्हा १९३७ साली रस्त्यापलीकडे 'नवे बोडलियन' बांधावयास घेतले. त्या जागेवर ब्रॉड स्ट्रीट या पेठेतील जुनी घरे उभी होती, ती पाडली. पँटिन नावाच्या विद्वानाने त्यांचे वर्णन लिहून छापले. घरांची नोंद राहिली, घरे राहिली नाहीत. जुन्या पेठा राखण्याचा कायदा त्या देशात १९६७ साली झाला, तोवर लहान माणसाच्या जुन्या घरास कोण पुसतो?

इमारत १९४० साली पुरी झाली. पुस्तकांच्या फडताळांचे ११ मजले, पैकी ३ जमिनीखाली, आणि जुन्या ग्रंथालयाकडे जाण्यास रस्त्याखालून भुयार. नव्या इमारतीने शेजारच्या जुन्या इमारतींवर डोके काढू नये म्हणून ही योजना. युक्ती नामी खरी. आमचे पूर्वजही धान्य पेवात ठेवीत. परंतु रस्त्याने जाणाऱ्यास काय दिसे? दगडी भिंत! १९४६ साली सहाव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा चांदीची किल्ली कुलपातच मोडली. बादशहासाठी दार कसेबसे उघडले. ज्याच्याजवळ वाचकाचे कार्ड नाही, त्याच्यासाठी ते पुढे जवळजवळ सत्तर वर्षे बंदच राहिले म्हणावयाचे.

पुन्हा जागा संपली. शहराच्या कडेला ऑस्नी मीड येथे कोठार बांधण्याचा बेत २००७-०८ मध्ये फेटाळला गेला. जागा पुराची होती, आणि शिवाय शहराच्या मनोऱ्यांचा देखावा झाकला जाईल अशी हरकत होती. १९३७ मध्ये राहत्या पेठेतली घरे गेली, आणि आता नुसत्या देखाव्यासाठी बांधकाम अडले! तरी परिणाम वाईट झाला नाही. कोठार अठ्ठावीस मैलांवर स्विंडनजवळ गेले. तेथे १५३ मैल लांबीची फडताळे लावली व २०१० साली ते सुरू झाले. पुस्तके मोटारीने येजा करू लागली, आणि शहरातली इमारत मोकळी झाली. सुमारे ८ कोटी पौंड खर्चून ती आतून नवी केली, रस्त्याच्या बाजूने दार पाडले, आत मोठे दालन केले. २०१५ पासून वेस्टन ग्रंथालय या नावाने ती चालते. आता भाजीची पिशवी हातात घेऊन जाणाराही आत शिरून जुनी हस्तलिखिते पाहू शकतो. वाचनाच्या खोल्यांस मात्र अजून कार्ड लागते.

आता आपल्या घरचे पाहू. हे नवे बोडलियन ज्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने आखले, त्याच्याच आजोबाने, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने, मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा आखला, तोही हिंदुस्थानात पाऊल न टाकता! १८७८ साली ते काम पुरे झाले. पैसा प्रेमचंद रायचंद शेठजींचा. अमेरिकेतील १८६१ ते ६५ च्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, त्या व्यापारात शेठजींचे हात ओले झाले. तो कापूस कोणी पिकविला होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील जातीजमातींचे २४ पुतळे बसविले आहेत. म्हणजे ज्या लोकांना आतली पोथी वाचता येत नव्हती, त्यांतील कित्येकांची दगडी मूर्ती बाहेर उन्हात उभी! रयतेच्या करावर उच्च शिक्षण चालते आणि फळ वरचे वर्ग खातात, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे मांडली ती १८८२ साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या चारच वर्षांनी.

१९९५ पासून मुंबईत वारसा इमारतींचे नियम आहेत, आणि २०१८ मध्ये हा सारा परिसर जागतिक वारशात गेला. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. ते दगड आमच्याच पाथरवटांनी घडविले, ते फोडा असे कोण म्हणेल? पण दगड राखण्याचे नियम म्हणजे दार लावून घेण्याचे निमित्त नव्हे. जुन्या पेठेतली जागा महाग व थोडी असते, ती कपाटांना कशाला? पुस्तके तळघरात जावोत, नाहीतर शहराबाहेरच्या कोठारात, आणि वरची जागा माणसांना द्यावी. ज्या विद्यार्थ्याच्या खोलीत चौघे राहतात, त्याला रात्री दहापर्यंत दिव्याखाली एक खुर्ची मिळाली तर ती त्याला पदवीइतकीच मोलाची आहे.

मुंबईस, पुण्यास, कोल्हापुरास, कोठेही असे काम निघाले, तर तेथील दुकानदार व कारागिरांस आधी विचारावे, मागाहून नोंद करून भागत नाही. आणि नकाशा मराठीत लिहून चौकात लावावा. रस्त्याच्या बाजूला दरवाजा दाखविला आहे की नाही, हे पाहण्यास इंजिनियर लागत नाही. कोणताही गवंडी बोट ठेवून सांगेल.