शिकवणीच्या गावात ‘ट्टॉक’चा आवाज

लातूर आणि नांदेड ही दोन शहरे आज राज्याला ठाऊक आहेत ती शिकवणीची गावे म्हणून. ‘लातूर पॅटर्न’ची ख्याती जिल्ह्याबाहेर पोचली त्याला तीन दशके होऊन गेली, पाठोपाठ नांदेडनेही वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत आपले स्थान निर्माण केले. अशा या शहरांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले वाचक एकत्र बसले आणि बालपणीच्या पुस्तकांचा विषय निघाला, की गप्पांची गाडी हमखास एका किडकिडीत, चौकड्यांचा शर्ट घालणाऱ्या मुलावर येऊन थांबते. फुरसुंगीचा बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. संकट समोर उभे असताना जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा.

भास्कर रामचंद्र भागवत (१९१०-२००१) यांनी निर्माण केलेल्या या नायकाची वीस पुस्तके आहेत. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला हा विद्यार्थी कधी काश्मिरात पोचतो, तर ‘जवानमर्द फास्टर फेणे’मध्ये थेट १९६२ च्या चीन युद्धाच्या आघाडीवर. सायकलवर टांग मारून एखादा शाळकरी मुलगा हे सारे कसे करतो, असा प्रश्न विचारणाऱ्याला या पुस्तकांचे मर्म कळलेलेच नाही, असे चाहते मानतात. त्यात तथ्य आहे. जूल्स व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांना अशक्य गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगण्याची कला साधली होती आणि विनोद हा त्यांच्या लेखनाचा श्वास होता. तलवार, जादूची कांडी वा उडता गालिचा यांवाचूनही अद्भुत रचता येते, हे त्यांनी दाखवून दिले. राम वाईरकरांच्या चित्रांनी त्या अद्भुताला चेहरा दिला.

चाहत्यांच्या गप्पांत आज सर्वाधिक वाद होतो तो २०१७ च्या चित्रपटावर. या वादाला लातूरशी जोडणारा धागाही आहे. ‘फास्टर फेणे’च्या निर्मात्यांपैकी एक रितेश देशमुख हे लातूरजवळच्या बाभळगावच्या घराण्यातले. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अमेय वाघ यांनी रंगवलेला फेणे वयाने मोठा झालेला आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांचा शाळकरी फेणे पाहिलेल्यांना हा बदल रुचला नाही. फेणे मोठा झाला की त्याची गंमत संपते, हा त्यांचा आक्षेप. उलट तरुण प्रेक्षकांना तोच फेणे जवळचा वाटला. कारण तो पुण्यात येतो तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्यासाठी, आणि त्याच्या समोर उभे राहते ते परीक्षेतील गैरव्यवहाराचे जाळे. मुक्कामाला तो उतरतो तोही साक्षात भा. रा. भागवतांच्या घरी! दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले लेखक आपल्याच पात्राला चहापाणी विचारतात, यापेक्षा खट्याळ अद्भुत मराठी पडद्यावर क्वचितच दिसले असेल.

पटकथा लिहिली गेली तेव्हा ती पुढे या भागाला इतकी झोंबेल, याची कल्पना कोणाला असणार? जून २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेतील कथित गैरव्यवहारप्रकरणी नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातुरात गुन्हा नोंदवला गेला. जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांना अटक झाली आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयात व्हायचा तो होईल. मात्र ज्या शहरांनी एका परीक्षेवर आपले अर्थकारण उभे केले, तेथील पालकांच्या मनात त्या दिवसांत जी भीती होती, ती सात वर्षांपूर्वीच एका विनोदी साहसकथेच्या नायकाने पडद्यावर अंगावर घेतली होती.

खरा पेच पुढेच आहे. फेणेवर प्रेम करणारी पिढी पन्नाशीकडे झुकली आहे. सतरा वर्षांच्या ज्या मुलामुलींना या नायकाची सर्वाधिक गरज आहे, ती सकाळी सहाला शिकवणी वर्गात आणि रात्री अभ्यासिकेत असतात. त्यांच्या हाती अवांतर पुस्तक पडलेच तर ते बहुधा इंग्रजी असते. हॅरी पॉटर मराठीत आला; परंतु त्या वयाला हसवत विचार करायला लावणारी मूळ मराठी अद्भुत कादंबरी शोधू गेल्यास हाताची बोटेही पुरी भरत नाहीत. बालसाहित्य संपते आणि थेट गंभीर सामाजिक कादंबरी सुरू होते. मधली पायरीच नाही.

इंग्रजीत ही पायरी टेरी प्रॅचेट यांनी बांधली. १९८३ ते २०१५ या काळात ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेच्या ४१ कादंबऱ्या लिहून त्यांनी चेटकिणी, जादूगार आणि साक्षात मृत्यू यांच्याआडून बँक, टपाल खाते, वृत्तपत्रे, पोलिस अशा साऱ्यांची रेवडी उडवली. त्यांचे चाहते इतके वेडे, की इंग्लंडमधील विनकँटन या छोट्या गावाने २००२ मध्ये कादंबरीतल्या अंख-मॉरपॉर्क या काल्पनिक शहराशी रीतसर भगिनीशहराचे नाते जोडले. पुढे नव्या वसाहतीतल्या रस्त्यांना कादंबरीतली नावेही दिली. फुरसुंगीत असा एखादा ‘फेणे पथ’ होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, हा भाग वेगळा.

भुताखेतांच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते, ही शंका जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात घेतली जाणे स्वाभाविक आहे. परंतु विनोदी अद्भुत नेमके उलट काम करते. प्रॅचेट यांची म्हातारी चेटकीण मंत्रांपेक्षा माणसाच्या मनावर अधिक भिस्त ठेवते. आपल्याकडे द. मा. मिरासदारांची भुतेही माणसांच्या भित्रेपणाला आणि बाताड्या स्वभावालाच उघडे पाडतात. भुताला हसायला शिकलेला मुलगा बुवाला सहजासहजी शरण जात नाही.

मराठवाड्याने या लेखकांचा सन्मान केला नाही, असेही नाही. मिरासदार १९९८ मध्ये परळीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला झालेल्या ९५ व्या संमेलनाचे अध्यक्षपद अद्भुत आणि गूढ यांची ओढ असलेल्या भारत सासणे यांच्याकडे होते. त्याआधीच्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी तो नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला लाभला. मांडव, सत्कार, पुरस्कार यांत उणे काही नाही.

उणे आहे ते मुलांच्या वाटेवर. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा ‘अ’ ते ‘ड’ अशा श्रेणी ठरवतो. खालच्या श्रेणीतील ग्रंथालयाला मिळणाऱ्या अनुदानातून वेतन, वीज आणि वृत्तपत्रांची बिले भागली, की ग्रंथखरेदीला फारसे काही उरत नाही, आणि उरलेल्यात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना प्रथम पसंती मिळते. मागणीच तशी आहे, हे ग्रंथपालांचे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. पण फास्टर फेणेचे वीस भाग घेण्यासाठी फार मोठी तरतूद लागत नाही. अभ्यासिकेतल्या एका फळीवर ते मावतात.